जास्त उजेडाचा बल्ब घेण्यापूर्वी

ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारा ट्रक एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकतो. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले, तरी उभं राहायला आणखी ५० मीटर लागतात. एकूण झाले ८० मीटरच्या वर. डिपरच्या, म्हणजे हेडलाइटच्या खाली वळवलेल्या झोताच्या, उजेडात गडद कपड्यांतला माणूस बऱ्याचदा याहून खूप जवळ आल्यावरच दिसतो. म्हणून रात्रीचा चालक जास्त उजेडाचा बल्ब शोधतो, आणि त्याचं ते शोधणं अगदी रास्त आहे. पण हातात पैसे मोजके असतील तर बल्बचा नंबर शेवटी लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण उजेडाचा हिशेब फसवा असतो. अंतर दुप्पट झालं की तोच झोत चौपट जागेवर पसरतो, म्हणजे दुप्पट लांब तितकंच स्पष्ट दिसायला चौपट प्रकाश हवा. बल्ब ३० टक्के प्रखर घेतला, तर ५० मीटरवर दिसणारी वस्तू फार तर ५७ मीटरवर दिसेल. ते सात मीटरही मोलाचे आहेत, याबद्दल वाद नाही. पण तेवढाच उजेड बहुतेक जुन्या ट्रकांत आधीच गळत असतो आणि तो जवळपास फुकटात परत मिळवता येतो.

पहिली गळती तारांमध्ये होते. हॅलोजन बल्बची फिलामेंट टंगस्टनची असते आणि तिचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज ५ टक्के घसरलं तर प्रकाश १६ टक्के कमी होतो, आणि १० टक्के घसरलं तर ३० टक्के. जुन्या गाडीत बॅटरीकडून निघालेला करंट आधी स्विचपर्यंत, मग कपलरमधून (तारा जोडणाऱ्या प्लगमधून) बल्बपर्यंत लांबचा प्रवास करतो आणि गंजलेल्या अर्थिंगमधून परत येतो. प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. मग बल्बच्या होल्डरमागे, कपलर न काढता, त्याच्या पाठीमागून टोक खुपसून पुन्हा मोजा. कपलर काढून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं. इथे पुष्कळ जण फसतात. समजा २४ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर २८ आणि बल्बवर २५.२ आले, तर १० टक्के गेले, म्हणजे तुमच्या बल्बचा जवळपास एक तृतीयांश उजेड वायरिंगनं गिळला.

उपाय सोपा आहे. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, कपलरमधले हिरवट पडलेले पॉइंट साफ करायचे किंवा बदलायचे. तरीही तूट राहिली तर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवायचा. मग बॅटरीकडून जाड तार फ्यूजमधून थेट हेडलाइटला जाते आणि जुना स्विच फक्त रिलेला चालू-बंद करतो. त्यावरचा भारही उतरतो.

याच्या अगदी उलटं काम जास्त वॅटचा बल्ब करतो. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॅटला साधारण ४.६ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८.३. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत तिपटीहून जास्त. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो आणि व्होल्टेजची घट वाढल्यामुळे विकत घेतलेला उजेडही पुरता मिळत नाही. हा पर्याय मी कुणालाच सुचवणार नाही.

दुसरी गळती समोरच्या काचेत होते. बहुतेक नव्या हेडलाइटची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजला की ती पिवळी, धुरकट होते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत अशा काचेतून नव्याच्या तुलनेत डिपरचा जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत होता, आणि पॉलिश केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास आला. कुठल्याही बल्बनं इतका फरक पडत नाही. बारीक पाणपेपरनं घासून पॉलिश मारल्यावर अतिनील किरण अडवणारं कोटिंग मात्र लावायलाच हवं, नाहीतर पिवळेपणा लवकरच परत येतो. खऱ्या काचेचा हेडलाइट पिवळा पडत नाही, पण वाळू-खड्यांच्या माऱ्यानं खडबडीत होतो. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर पुसायला जाऊ नका. ॲल्युमिनियमचा तो थर इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो. अशा वेळी आख्खा हेडलाइट बदलणं स्वस्त पडतं.

आता बल्बकडे वळू. एच-४ सारख्या (अप्पर-डिपर दोन्ही देणाऱ्या) हॅलोजन बल्बच्या किती वॅटमधून किती ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) मिळावेत हे संयुक्त राष्ट्रांच्या ३७ क्रमांकाच्या नियमानं ठरलेलं आहे. १२ व्होल्टच्या एच-४ ला अप्परवर (लांबच्या झोतावर) १६५० आणि डिपरवर १००० ल्युमेन, २४ व्होल्टच्या एच-४ ला १९०० आणि १२००, थोडं इकडे-तिकडे चालतं. मग खोक्यावर ‘१०० टक्के जास्त उजेड’ कसं लिहितात? एकूण प्रकाश फारसा वाढलेला नसतो. फिलामेंट आखूड आणि घट्ट गुंडाळलेली असते, ती जास्त तापते आणि तिचा प्रकाश रिफ्लेक्टर अधिक नेमका गोळा करतो. झोतातल्या एखाद्या ठरावीक जागी उजेड तेवढ्या प्रमाणात वाढतो, तोच आकडा खोक्यावर येतो. किंमत आयुष्यात मोजावी लागते. व्होल्टेज ५ टक्के वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, यावरून तापमानाचा खेळ किती नाजूक आहे ते कळेल. रोज रात्रभर चालणाऱ्या ट्रकला असा बल्ब महागात जातो. ३० ते ५० टक्क्यांचा दावा करणारा, नावाजलेल्या कंपनीचा बल्ब हा मला योग्य मध्यबिंदू वाटतो. २४ व्होल्टची फिलामेंट लांब आणि बारीक असते, हादऱ्यांनी लवकर तुटते. तिथे हादरे सोसणारा, ट्रकसाठीच बनवलेला बल्ब घ्यावा.

निळसर काचेच्या बल्बांपासून दूर राहा. पांढरा भास व्हावा म्हणून ती निळी काच पिवळा-तांबडा प्रकाश अडवते. म्हणजे आधी प्रकाश तयार करायचा आणि मग तोच गाळून टाकायचा. डोळ्यांना तो प्रखर वाटतो, पण रस्त्यावर प्रकाश कमीच पोहोचतो.

एलईडीचा मोह सगळ्यात मोठा आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. एच-४ बल्ब हातात घेऊन (काचेला बोट न लावता, कारण त्वचेचं तेल तापलेल्या क्वार्ट्झ काचेला तिथेच कमकुवत करतं) निरखून पाहा. आत दोन फिलामेंट दिसतात, आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आदळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. फिलामेंट एखादा मिलिमीटर जरी सरकली तरी झोत बिघडतो. स्वस्त एलईडी बल्बात पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात, त्या सगळीकडे सारखा प्रकाश फेकत नाहीत आणि नेमक्या फिलामेंटच्या जागी बसतीलच असंही नाही. परिणामी गाडीपुढची जमीन लख्ख उजळते, चालकाला खूप दिसतंय असं वाटतं, बाहुल्या आकसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. समोरून येणारा आंधळा होतो तो वेगळाच. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये असे बल्ब अनेक देशांत बेकायदा आहेत. जिथे परवानगी आहे तिथेही ती ठरावीक बल्ब आणि ठरावीक गाडीच्या जोडीपुरती असते. तुमची गाडी त्या यादीत असेल तर जरूर घ्या.

बल्ब दोन्ही बाजूंचे एकदमच बदला आणि मग झोत जुळवा. गाडी सपाट जागी भिंतीसमोर १० मीटरवर उभी करा. डिपरची वरची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली आली, तर उतार एक टक्का झाला. हेडलाइट जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर झोत १०० मीटरवर रस्त्याला टेकेल. तुमच्या गाडीसाठी नेमका किती उतार हवा ते बहुधा हेडलाइटवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हे जुळवताना मागे माल किती आहे ते लक्षात घ्या. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले की नाक वर उठतं आणि डिपर अप्परसारखा समोरच्याच्या तोंडावर जातो. डॅशबोर्डवर झोत खाली-वर करणारी चकती असेल, तर भिंतीवरचं माप रिकाम्या गाडीत आणि चकती शून्यावर ठेवून घ्यायचं, आणि माल भरल्यावर चकतीचा आकडा वाढवायचा.