लिनक्सवर लॅपटॉपचे तापणे व पंख्याचे नियंत्रण

लिनक्स चालणाऱ्या लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावत राहणे, गरज असताना न फिरणे किंवा यंत्र तापून परस्पर बंद पडणे या बिघाडांचे निदान व उपाय. तक्रार बहुधा पंख्याच्या नावाने येते. दोष मात्र पुष्कळदा ग्राफिक्स चिपमध्ये, ब्राउझरमध्ये, फर्मवेअरच्या (यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रॅमच्या) चुकीत किंवा साध्या धुळीत असतो. अशा वेळी पंख्याचीच सेटिंग उलटसुलट करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लॅपटॉपचा पंखा मुळात लिनक्सच्या ताब्यात नसतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर पंखे सांभाळणारी चिप बहुधा माहितीतली असते आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाचा, ड्रायव्हर तिच्याशी थेट बोलतो. लॅपटॉपमध्ये हे काम एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी, नावाचा एक छोटा स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर करतो. कीबोर्ड, बॅटरीचे चार्जिंग, झाकण उघडले की मिटले याची खबर, हे सगळे त्याच्याचकडे असते. त्याचे फर्मवेअर उत्पादक लिहितो आणि कोणत्या रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या नोंदकप्प्यात) पंख्याचा वेग ठेवला आहे हे सहसा जाहीर करत नाही.

ऑपरेटिंग सिस्टम आणि फर्मवेअर यांच्यातल्या बोलण्यासाठी एसीपीआय हे मानक आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात यंत्राचे 'थर्मल झोन' पाडलेले असतात आणि प्रत्येक झोनला तापमानाचे टप्पे असतात: एका टप्प्यावर पंखा सुरू करायचा, दुसऱ्यावर प्रोसेसरचा वेग उतरवायचा, आणि शेवटचा गाठला की यंत्र बंद करायचे. कागदावर हे नीटस दिसते. प्रत्यक्षात बरेच उत्पादक पंख्याचा टप्पा कर्नलकडे देतच नाहीत, तो निर्णय ईसी परस्पर घेतो. कर्नलच्या हाती उरते ते वेग उतरवणे आणि निरुपाय झाला की यंत्र बंद करणे. लॅपटॉप अचानक बंद पडल्यावर आधीच्या बूटच्या नोंदींत 'क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड' अशी ओळ सापडली, तर हा शेवटचा टप्पा गाठला गेला होता असे समजावे. अशी ओळ नसेल, तर बॅटरी, चार्जर किंवा प्रोसेसरचे स्वतःचे संरक्षण यांच्यावर संशय घ्यावा. प्रोसेसरने स्वतःच वीज तोडली, तर नोंद लिहायला कर्नलला सवडच मिळत नाही.

आकडे वाचताना

निदानाची सुरुवात एलएम-सेन्सर्स या संचापासून होते. त्यातला 'सेन्सर्स-डिटेक्ट' आदेश यंत्रातले संवेदक शोधतो आणि 'सेन्सर्स' त्यांची मापे दाखवतो. ही मापे कर्नलच्या एचडब्ल्यूमॉन विभागातून येतात. तिथे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते, म्हणजे ५४००० याचा अर्थ ५४ अंश सेल्सिअस. इंटेल प्रोसेसरचे माप 'कोअरटेम्प' ड्रायव्हर देतो, एएमडीचे 'के-१०-टेम्प'.

याच यादीत 'एसीपीआयटीझेड' नावाखाली आणखी एक आकडा असतो आणि नवखे लोक बहुधा त्यावरच फसतात. कित्येक लॅपटॉपांवर तो कायम २७.८ अंश दाखवतो. यंत्र रात्रभर बंद होते की तासभर व्हिडिओ एन्कोड करत होते, त्याला फरक पडत नाही. याचे कारण गमतीचे आहे. एसीपीआयमध्ये तापमान केल्व्हिनच्या दशांशात सांगायचे असते. फर्मवेअर लिहिणाऱ्याने खऱ्या संवेदकाकडे न जाता ३०१० ही संख्या तशीच लिहून टाकलेली असते. कर्नल त्यातून २७३२ वजा करतो, उरतात २७८, म्हणजे २७.८ अंश. पंखा नियंत्रित करणारा प्रोग्रॅम या आकड्यावर विसंबला तर प्रोसेसर नव्वदीत असतानाही तो निवांत राहील.

पंख्याच्या वेगाचेही तसेच. काही थिंकपॅडवर (आधी आयबीएमचे, आता लेनोव्होचे लॅपटॉप) मधूनच मिनिटाला ६५,५३५ फेरे दिसतात. ती सोळा बिटांत मावणारी कमाल संख्या आहे, पंख्याचा वेग नव्हे.

किती अंश म्हणजे जास्त, याचे एकच उत्तर नाही. अनेक इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते आणि पातळ लॅपटॉप पूर्ण भाराखाली नव्वदीत जाईल अशाच बेताने घडवलेला असतो. चिंता करावी ती काही काम नसताना ७० च्या वर राहणाऱ्या यंत्राची. प्रोसेसरने मर्यादा ओलांडली की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि कर्नलच्या नोंदींत 'सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड' असे उमटते. याच्या उलट, यंत्र थंड असूनही वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकून बसला असेल, तर प्रोसेसरला 'तापलास, वेग उतरव' असे बाहेरून सांगणारा 'प्रॉकहॉट' संकेत अडकलेला असू शकतो. काही लॅपटॉपांत चार्जर ओळखला गेला नाही तरी हे घडते. तिथे पंख्याकडे बघण्यात अर्थच नाही.

उष्णता येते कुठून

पंख्याला हात लावण्याआधी उष्णता कोण निर्माण करतो ते पाहावे. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किंवा वीज खातो हे दाखवणारे 'टॉप' किंवा 'पॉवरटॉप' चालवल्यावर गुन्हेगार बहुधा दोन मिनिटांत सापडतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहताना डिकोडिंगचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडत असेल, तर तेवढ्यानेच पंखा बोंबलतो. हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी व्हीए-एपीआय ही सोय सुरू करणे हा त्यावरचा उपाय. यादीत 'केवर्कर' नावाचा कर्नलचा धागा प्रोसेसरचा एखादा गाभा (कोअर) पूर्ण खात असेल, तर एसीपीआयच्या एखाद्या इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचा, पूर आलेला असू शकतो. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या 'सिस' फाइल व्यवस्थेतल्या एसीपीआय इंटरप्टांच्या फाइलींत लाखांचा आकडा दाखवणारी ओळ शोधून तेवढा इंटरप्ट बंद केला की यंत्र शांत होते. तो कायम बंद ठेवण्याआधी ब्राइटनेसची बटणे आणि झाकणाचे संकेत चालतात ना, हे मात्र तपासावे.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपांनी लिनक्सवाल्यांना जेवढे छळले तेवढे क्वचितच कशाने छळले असेल. एनव्हिडियाचे ऑप्टिमस तंत्र २०१० मध्ये आले. विंडोजवर मोठी चिप गरजेपुरती जागी होई. लिनक्सवर ती काही न करता सतत वीज पीत बसे आणि बॅटरी व मांडी दोन्ही भाजत. कर्नलमधला 'व्हीजीए-स्विचरू' आणि बाहेरचा 'बंबलबी' प्रकल्प ही त्यावरची सुरुवातीची मलमपट्टी. आजचे ड्रायव्हर वापरात नसलेली चिप बऱ्याच यंत्रांवर आपोआप झोपवतात, पण 'बऱ्याच' म्हणजे सगळ्या नव्हेत. ती खरोखर झोपली आहे का, हे पाहणे तपासणीत असायलाच हवे.

कर्नलही निर्दोष नसतो. २०११ मधल्या २.६.३८ या आवृत्तीनंतर अनेक लॅपटॉपांचा वीजवापर वाढला. पीसीआय-एक्सप्रेसची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, काही यंत्रांवर बंद होत होती, कारण फर्मवेअर ती चालत नाही असे सांगे आणि कर्नल ते खरे मानी. कर्नलचे विकासक मॅथ्यू गॅरेट यांच्या दुरुस्तीने ३.३ आवृत्तीत हा प्रश्न सुटला. म्हणून 'अपडेटनंतर तापायला लागला' ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडून तुलना करायला पाच मिनिटे पुरतात.

पंखा ताब्यात घेणे

उष्णतेचे कारण सापडले नाही आणि पंखा खरोखरच चुकीचा वागत असेल, तर प्रश्न उरतो लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हा. एलएम-सेन्सर्सबरोबर येणारे 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' आणि 'फॅनकंट्रोल' डेस्कटॉपवर छान चालतात. लॅपटॉपवर मात्र नियंत्रणयोग्य संवेदक मॉड्यूल सापडले नाही एवढेच बहुधा ऐकायला मिळते.

थिंकपॅडची स्थिती सगळ्यांत बरी. त्यांचा कर्नल ड्रायव्हर 'थिंकपॅड-एसीपीआय' हा आधी 'आयबीएम-एसीपीआय' म्हणून ओळखला जाई, आणि पंख्याच्या फाइलीच्या वाटेत आयबीएमचे नाव अजून टिकून आहे. त्या फाइलीत शून्य ते सात यांपैकी पातळी लिहिता येते. 'ऑटो' लिहिले की कारभार पुन्हा ईसीकडे जातो. 'डिसएंगेज्ड' लिहिले तर वेगावरचे नियमनच सुटते आणि पंखा सातव्या पातळीहूनही जोरात फिरतो. सुरक्षिततेसाठी हे नियंत्रण मुळात बंद ठेवलेले असते. मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढवायचा भाग) चढवताना 'फॅन-कंट्रोल' या पर्यायाला १ दिल्याशिवाय लिहू दिले जात नाही, आणि परवानगी नाकारली गेल्याची तक्रार करणाऱ्यांची नव्वद टक्के अडचण इथेच असते, असे म्हणायला हरकत नाही. ड्रायव्हरमध्ये राखणीचा टायमरही आहे. ठरवलेल्या वेळात (जास्तीत जास्त १२० सेकंद) नवा आदेश आला नाही, तर नियंत्रक प्रोग्रॅम मेला असे मानून पंखा सुरक्षित स्थितीत नेला जातो.

या फाइलीत दर काही सेकंदांनी पातळी लिहिण्याचे काम 'थिंकफॅन' करतो. त्याची मांडणी समजली की पंखा दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद का होतो, हेही समजते. समजा, शून्य पातळी ५५ अंशांपर्यंत आणि पहिली पातळी ५५ पासून पुढे ठेवली. मग यंत्र ५५ ला पोचते, पंखा सुरू होतो, तापमान ५४ होते, पंखा थांबतो, पुन्हा ५५. म्हणून पातळ्या एकमेकींवर चढवायच्या: शून्य पातळी ५५ पर्यंत, पण पहिलीची खालची हद्द ४८. आता सुरू झालेला पंखा ४८ पर्यंत उतरल्याशिवाय थांबत नाही. दुसरा नेहमीचा घोटाळा संवेदकाच्या वाटेचा. काल 'एचडब्ल्यूमॉन-३' असलेला संवेदक रीबूटनंतर 'एचडब्ल्यूमॉन-५' होतो आणि थिंकफॅन सुरूच होत नाही. क्रमांकाऐवजी ड्रायव्हरच्या नावाने संवेदक दिला की हे थांबते.

डेलच्या यंत्रांसाठी 'डेल-एसएमएम' ड्रायव्हर आहे. त्याचा पूर्वज 'आय-८-के' हा इन्स्पिरॉन ८००० मालिकेसाठी लिहिला गेला होता. इथे अडचण वेगळी: आपण वेग ठरवला की थोड्याच वेळात बायोस (मदरबोर्डचे फर्मवेअर) तो पुसून आपला लिहितो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून आधी बायोसचे नियंत्रण बंद करावे लागते, आणि ते सगळ्या मॉडेलांवर जमत नाही. इंटेल प्रोसेसरच्या मॅकबुकवर 'अ‍ॅपलएसएमसी' ड्रायव्हर आणि 'एमबीपीफॅन' ही जोडी काम भागवते.

इतरांसाठी 'नोटबुक फॅनकंट्रोल' (एनबीएफसी) आहे. तो ईसीच्या रजिस्टरांत थेट लिहितो. कोणत्या मॉडेलला कोणते रजिस्टर, याच्या फाइली वापरणाऱ्यांनीच तयार केलेल्या असतात. नाव जवळजवळ जुळते म्हणून दुसऱ्या मॉडेलची फाइल लावणे हा मोठा धोका आहे, कारण पंख्याच्या शेजारच्या रजिस्टरमध्ये चार्जिंगचे काहीतरी असू शकते. शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) सुरू असेल तर अनेक वितरणांत कर्नलचे लॉकडाउन, म्हणजे हार्डवेअरला थेट हात लावण्यावरची बंदी, लागू होते आणि असे थेट लिहिणे अडते.

बहुतेकांना एवढ्या खोलात जावेच लागत नाही. कर्नल ५.१२ पासून 'प्लॅटफॉर्म प्रोफाइल' ही सोय आहे. डेस्कटॉपच्या पॉवर मेन्यूत बचत, समतोल आणि कामगिरी असे पर्याय दिसतात, ते अनेक नव्या लॅपटॉपांवर थेट फर्मवेअरला सांगितले जातात आणि पंख्याचे वळण त्यानुसार बदलते. इंटेल प्रोसेसरवर 'थर्मलडी' तापमान वाढण्याआधीच वीज आवरतो. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग, बंद करणे हा सगळ्यांत ओबडधोबड उपाय, पण उन्हाळ्यात त्यासारखा गुणकारी दुसरा नाही.

सॉफ्टवेअरपलीकडे

बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे दुपारी तिथला पंखा ओरडला तर त्यात बिघाड काहीच नाही. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये पंख्याच्या बाजूने धुळीची नमद्यासारखी पट्टी जमते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, तळ उघडून काढावी लागते. हवेचा झोत मारताना पंखा काडीने धरून ठेवावा, भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग जाते. चार-पाच वर्षे जुन्या यंत्राची थर्मल पेस्टही (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेली असते.

बॅगेत ठेवलेला लॅपटॉप काढताना इस्त्रीसारखा गरम लागला, तर तो झोपलाच नव्हता. नव्या यंत्रांत 'एस-२-आयडल' ही हलकी झोप असते आणि एखादे उपकरण जागे राहिले की बंद बॅगेत उष्णता साठते. 'मेम-स्लीप' फाइलीत 'डीप' हा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा, नसेल तर बॅगेत घालण्याआधी हायबरनेट करावे, म्हणजे काम डिस्कवर जपून यंत्र पूर्ण बंद करावे. झोपेतून उठल्यावर पंखा पूर्ण वेगाने किंवा अजिबात न फिरणे हा निराळा दोष आहे. जागे होताना ईसी आपली जुनी स्थिती विसरतो, तेव्हा नियंत्रक सेवा पुन्हा सुरू करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्लीप फोल्डरमध्ये ठेवली की काम होते.