‘रिंगो’ म्हणजे सफरचंद: पडद्यावरचं की ताटातलं?

मोबाइलवरच्या जपानी व्हिडिओत लाल सफरचंद आलं की पावणेदोन वर्षांचं मूल ‘रिंगो’ म्हणतं. घरात आनंदीआनंद होतो. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जपानी प्रकल्पांवर काम करणाऱ्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून रोज तिकडे जाणाऱ्या आईबाबांना वाटतं, भाषा कानावर पडतेय, रुजेल. मग जांभळी नाक्याहून आणलेलं खरं सफरचंद ताटात ठेवून ‘रिंगो दोको?’, म्हणजे सफरचंद कुठंय, असं विचारलं की तेच मूल ढिम्म बघत राहतं. ते विसरलेलं नसतं. पडद्यावरचं रिंगो आणि ताटातलं फळ एकच आहे, हे त्याच्यासाठी अजून जुळलेलं नसतं.

या अडचणीला संशोधक ‘व्हिडिओ तूट’ म्हणतात. १९९८ साली ट्रोसेथ आणि डीलोश या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिचा एक साधा पुरावा दिला. शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना मुलांना दाखवलं, काहींना खिडकीतून, काहींना टीव्हीच्या पडद्यावर. खिडकीतून पाहिलेल्या दोन वर्षांच्या मुलांनी खेळणं सहज शोधलं. पडद्यावर तेच पाहिलेली त्याच वयाची मुलं बऱ्याचदा चुकली. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र पडद्यावरूनही बऱ्यापैकी जमलं. म्हणजे दोन ते अडीच या सहा महिन्यांत डोक्यात काहीतरी मोठं घडतं, आणि व्हिडिओचा उपयोग करायचा असेल तर तो त्यानंतर.

‘पण लहान मुलं कुठलीही भाषा उचलतात ना?’ उचलतात, आणि ते कसं हे समजून घेण्यासारखं आहे. १९८४ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक ऐकू येणं फार अवघड जातं. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता, दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो गेला. आपली बाळं ‘त-ट’ सांभाळतात, कारण घरात दिवसभर ‘ताट’ आणि ‘टाच’ चाललेलं असतं. जे कानावर पडत नाही त्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.

मग परक्या भाषेचा व्हिडिओ लावून ध्वनी ओळखण्याची ही क्षमता टिकवता येईल का? सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चार आठवड्यांत पंचवीस मिनिटांची बारा सत्रं मिळाली, चिनी भाषेची. एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाने त्याच माणसांचा व्हिडिओ पाहिला, तिसऱ्याने नुसता आवाज ऐकला. चाचणीत होते आपल्या ‘छि’ आणि ‘शि’च्या जवळचे दोन चिनी ध्वनी. प्रत्यक्ष गटाला फरक कळला. बाकी दोन्ही गट चिनी अजिबात न ऐकलेल्या बाळांपेक्षा पुढे गेले नाहीत. माणसं तीच, भाषा तीच, तास तेवढेच.

राहिला फरक देवाणघेवाणीचा. समोरचं माणूस बाळ जिकडे बघतं तिकडे बघतं, बाळाने हुंकार दिला की थांबून उत्तर देतं, लक्ष उडालं की आवाज बदलतं. व्हिडिओतली ताई ‘शाब्बास!’ म्हणते तेव्हा मूल सोफ्याखाली गेलेला चेंडू काढत असतं. २०१४च्या एका प्रयोगात रोजबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. समोर बसून शिकवल्यावर मुलं शिकली, व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवल्यावर मात्र नाही. एकट्या पडद्याला दोष देऊन म्हणूनच चालत नाही. प्रश्न पलीकडून उत्तर येतं की नाही, हा आहे.

डीलोश यांच्याच गटाने २०१० साली बाळांना शब्द शिकवणाऱ्या लोकप्रिय डीव्हीडीची परीक्षा घेतली. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांनी महिनाभर ती पाहिली, पण काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा ती जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत पुढे गेली ती डीव्हीडीविना, तेच शब्द आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात वापरलेली मुलं. आणि ज्या पालकांना डीव्हीडी फार आवडली होती, त्यांना आपलं मूल प्रत्यक्षापेक्षा जास्त शिकलं असं वाटत होतं. ही फसगत अगदी माणसासारखी आहे, तिच्यावर उपाय पुढे दिला आहे.

दोन वर्षांच्या आत व्हिडिओने भाषा शिकवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही तोच आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तितका बरा. भाषेसाठी एवढा वेळ लागतही नाही.

अडीच वर्षांपुढे करायचं असेल तर व्हिडिओ चार ते सहा मिनिटांचा आणि त्यात पाच-सहाच शब्द असावेत. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा आणि ओठ स्पष्ट दिसावेत, वस्तू हातात असतानाच तिचं नाव यावं. कार्टूनमधले ओठ बहुधा आवाजाशी जुळत नाहीत. मागे सतत संगीत वाजत असेल तर तो व्हिडिओ सोडून द्यावा. गोंगाटातून शब्द वेगळा काढणं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कठीण जातं, म्हणून व्हिडिओच्या वेळी मिक्सर आणि हॉलमधला टीव्हीही बंद. फोन स्टँडवर ठेवून पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, नाहीतर पाच मिनिटांची चाळीस होतात. आठवडाभर व्हिडिओ एकच. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना पुनरावृत्ती हवी असते.

आता खरं काम. सुरू करण्याआधी एका टोपलीत त्या वस्तू ठेवा: सफरचंद म्हणजे रिंगो, गाजर म्हणजे निंजिन, बूट म्हणजे कुत्सु, पेल्यात पाणी म्हणजे मिझु. मुलाच्या शेजारी बसा. शब्द आला की व्हिडिओ थांबवा, वस्तू उचला, नाव दोनदा म्हणा, ‘दोझो’, म्हणजे ‘घे’, म्हणत मुलाच्या हातात द्या आणि पाच-दहा सेकंद गप्प राहा. ही शांतता पालकांना सर्वांत जड जाते, पण मुलाला उत्तर जुळवायला ती लागते. नंतर दिवसभरात तोच शब्द निदान तीन वेगळ्या जागी आणा: रिंगो चिरताना, फळांच्या गाडीवर, आजीच्या पिशवीत. एकदा हिरवं सफरचंदही दाखवा, नाहीतर रिंगो म्हणजे ‘लाल गोल काहीतरी’ असा अर्थ पक्का होऊ शकतो.

उच्चारांची धास्ती नको. मिझुतला ‘झ’ आपल्या ‘माझा’तला आहे, ‘माझी’तला नव्हे. कुत्सुतला ‘त्सु’ आपल्या ‘चूक’मधल्या ‘चू’च्या अगदी जवळचा. मराठी तोंडाला हे दोन्ही सवयीचे आहेत. स्वरांची लांबी मात्र जपावी: ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी.

सहाव्या दिवशी परीक्षा. व्हिडिओ बंद ठेवून तीन वस्तू ओळीत मांडा, ‘निंजिन दोको?’ विचारा, आणि गाजराकडे बघू नका, कारण मुलं आपले डोळे वाचतात. वस्तूंच्या जागा बदलत सहा वेळा विचारा. सहापैकी पाच बरोबर आली तर शब्द आला असं धरायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी असते. गाणं म्हणता येणं ही परीक्षा नव्हे. अर्थ न कळता पूर्ण गाणं म्हणणारी मुलं घरोघरी आहेत.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते जेवणाच्या वेळी व्हिडिओ लावून. २००९च्या एका अमेरिकन अभ्यासात ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या दर तासामागे मुलांच्या कानावर पडणारे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी झालेले आढळले. आईबाबा लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलेले, घरी आजी आणि मूल. तेव्हा आजीचं ‘हा घास चिऊचा’ थांबवून लावलेला जपानी व्हिडिओ मराठीही नेतो आणि जपानीही देत नाही.

माणूस मिळाला तर काय होतं, हे माद्रिदच्या सरकारी पाळणाघरांत दिसलं. तिथल्या दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांशी अठरा आठवडे रोज एक तास, खेळत आणि भरपूर बोलत, इंग्रजीत संवाद साधला. शेवटी ती मुलं तासाला सरासरी ७४ इंग्रजी शब्द वा शब्दसमूह बोलत होती, नेहमीच्या पद्धतीने इंग्रजी शिकणारी १३. म्हणून नेरुळ-वाशीत जपानी शिकणारी एखादी कॉलेजची ताई आठवड्यातून तीनदा तासभर मुलाशी खेळायला येणार असेल, तर व्हिडिओआधी तिचा विचार करावा.

आणि आत्या किंवा काका टोकियोला असतील तर कॉल लावावा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, ठाण्यात सकाळचे दहा म्हणजे तिकडे दुपारचा दीड. नेट अडखळत असेल तर चित्र बंद करून रेटू नये, कॉल नंतर लावावा, कारण उत्तर उशिरा आलं की मूल पाठ फिरवतं. दहा मिनिटं पुरेत. त्यांना आधीच सांगून ठेवावं की एक सफरचंद जवळ घेऊन बसा, म्हणजे इकडे मुलाने आपलं रिंगो उचललं की तिकडेही लगेच उचलता येईल.