हा पूल नाही, ही ‘एल’ आहे: न्यूयॉर्कच्या पाडलेल्या उन्नत रेल्वेचे फोटो ओळखताना

स्कॅनिंगसाठी आमच्याकडे येणाऱ्या जुन्या आल्बमांत परदेशचे फोटो असले, की त्यांत एक प्रकार वरचेवर दिसतो. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली विटांच्या इमारती, मध्ये लोखंडी खांबांच्या रांगा, खांबांवर रूळ, आणि त्याखाली दुकानं, ट्रामा, घोडागाड्या नाहीतर मोटारी. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं ‘अमेरिका’, किंवा फार तर ‘न्यूयॉर्क, मोठा पूल’.

तो पूल नसतो. ती न्यूयॉर्कची उन्नत रेल्वे असते. तिकडचे लोक तिला नुसतं ‘एल’ म्हणत, म्हणजे ‘एलिव्हेटेड’चं (उन्नत) लघुरूप. मॅनहॅटनमध्ये तिचे चार मुख्य मार्ग होते: सेकंड, थर्ड, सिक्स्थ आणि नाइन्थ अव्हेन्यूवर. चारही पाडले गेले. त्यामुळे आज नकाशावर तो रस्ता उघडून फोटोशी ताडून पाहिलं तर काहीच जुळत नाही, आणि घरातली मंडळी ‘हे न्यूयॉर्क नसणारच’ म्हणून मोकळी होतात. फोटो सहसा न्यूयॉर्कचाच असतो, फक्त त्यातली सगळ्यात मोठी वस्तू आता जागेवर नाही.

असा फोटो आम्ही कसा ओळखतो, आमच्याकडे येण्याआधी घरी तुम्ही काय पाहू शकता आणि आम्ही कशाची खात्री देत नाही, हे या पत्रकात दिलं आहे.

आधी तारखा

पाडलेल्या रेल्वेची एक सोय असते. ती कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे फोटोला दोन्ही बाजूंनी कुंपण मिळतं.

सगळ्यात जुना मार्ग नाइन्थ अव्हेन्यूचा. १८६८मध्ये चार्ल्स हार्वे यांनी ग्रिनिच स्ट्रीटवर दोराने ओढली जाणारी गाडी चालवून त्याची सुरुवात केली. तेव्हा एकाच रांगेतल्या खांबांवर एकच रूळमार्ग होता. सिक्स्थ आणि थर्ड अव्हेन्यूचे मार्ग १८७८मध्ये सुरू झाले, सेकंडचा १८८०मध्ये. बंद पडण्याचा क्रम मात्र वेगळा आहे. सिक्स्थ अव्हेन्यूची शेवटची गाडी डिसेंबर १९३८मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी सांगाडा उतरवला गेला. जून १९४०मध्ये नाइन्थ बंद झाली. तिचा उत्तर टोकाचा एक छोटा तुकडा तेवढा १९५८पर्यंत चालू राहिला. सेकंड अव्हेन्यूची उत्तरेकडची बाजू त्याच जूनमध्ये गेली आणि उरलेली १९४२मध्ये. थर्ड अव्हेन्यूची गाडी मॅनहॅटनमध्ये १२ मे १९५५पर्यंत धावत होती. मॅनहॅटनच्या उत्तरेला असलेल्या ब्राँक्समधला तिचा भाग १९७३पर्यंत टिकला.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. आजोबा १९५०च्या सुमारास शिकायला गेले असतील आणि मॅनहॅटनमध्ये उभं राहून त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोत एल असेल, तर ती बहुतेक थर्ड अव्हेन्यूचीच. खरी रंगीत स्लाइड असेल तर आम्ही आधी तिथेच शोधतो. कोडॅक्रोमच्या (कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मच्या) पस्तीस मिलिमीटर स्लाइड १९३६पासून मिळू लागल्या, पण हौशी माणसांच्या हाती त्या सर्रास आल्या तोवर बाकीचे मार्ग गेले होते.

धूर आहे का?

सुरुवातीची पंचवीसएक वर्षं एलवर वाफेची छोटी इंजिनं होती. १९०२-०३मध्ये मॅनहॅटनचे चारही मार्ग विजेवर गेले. डब्यांपुढे इंजिन दिसलं तर फोटो त्याआधीचा समजा.

हे सांगायचं कारण म्हणजे मोबाइलवर फिरणारे फोटो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. ‘बाबासाहेबांच्या काळचं न्यूयॉर्क’ म्हणून कुणी तुम्हाला धूर ओकणाऱ्या एलचा फोटो पाठवला, तर तो किमान दहा वर्षं आधीचा आहे. त्यांच्या काळात एल विजेवर धावत होती. उलट १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा चारही मार्ग सुरू होते आणि चारहींवर इंजिनाचा धूर होता. त्यांच्यावरच्या लेखासाठी किंवा प्रदर्शनासाठी कुणाला त्या काळचं चित्र हवं असेल तर धुराचंच घ्यावं.

सावली आणि तारा

गाडीपेक्षा आम्हाला रस्त्यावरची सावली जास्त सांगते. न्यूयॉर्कच्या एलवर रुळांखालचे स्लीपर उघडे होते. मधल्या फटींतून ऊन खाली पडायचं, म्हणून उन्हाच्या वेळच्या फोटोत रस्त्यावर काळे-पांढरे पट्टे असतात. हे पट्टे शिकागोतही दिसतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण सावली सलग, गच्च असेल तर आम्ही लगेच दुसऱ्या खंडाकडे वळतो.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूललाही अशीच एक रेल्वे होती. गोदीलगत जाणारी ही लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे १८९३मध्ये सुरू झाली आणि ३० डिसेंबर १९५६ला बंद पडली. पुढच्या काही वर्षांत तीही पाडली. तिचा तळ लोखंडी पत्र्यांनी बंद केलेला होता. पावसात गोदी कामगार तिच्या आडोशाने चालायचे, म्हणून तिला ‘गोदीवाल्यांची छत्री’ म्हणत. मुंबईहून अँकर लाइनच्या आगबोटी लिव्हरपूलला जात, आणि ब्रिटिश जहाजांवर कोकणातले खलाशी व गोव्याचे स्टुअर्ड मोठ्या संख्येने होते. तेव्हा घरात कुणी बोटीवर नोकरीला असेल तर ‘अमेरिका’ लिहिलेला फोटो लिव्हरपूलचा असण्याची शक्यता आम्ही आधी तपासतो. मागे पक्षी बसवलेले दोन मनोरे दिसले तर ती १९११ची रॉयल लिव्हर बिल्डिंग, आणि प्रश्न मिटला. ही रेल्वे पहिल्या दिवसापासून विजेवर होती. फोटोत इंजिन दिसतंय म्हणून तिला बाद करू नका, कारण खालच्या रस्त्यावर गोदीची मालगाडी वाफेवरच चालायची. इंजिन वर आहे की खाली, ते बघा.

तारांचंही तसंच. मॅनहॅटनमध्ये ट्रामच्या डोक्यावर विजेच्या तारा नव्हत्या. वीज जमिनीखालच्या नळीतून यायची आणि दोन रुळांच्या मध्ये एक अरुंद खाच असायची. एलच्या खाली ट्राम दिसते आणि तिच्या डोक्यावर तारही आहे, तर तो मॅनहॅटन नव्हे. ब्रुकलिन, ब्राँक्स किंवा वेगळंच शहर. भिंगाखाली रस्त्यावर तीन समांतर रेघा मोजता आल्या की आम्ही खूश होतो. हौशी माणसाच्या धूसर फोटोतही ही खाच पुष्कळदा टिकून असते.

गाडी सोडा, कोपऱ्यातली इमारत बघा

ग्राहक फोटो दाखवताना बोट गाडीवर ठेवतात. खरी साक्ष मात्र बहुतेक वेळा कडेच्या इमारती देतात, कारण त्यांतल्या कित्येक आजही उभ्या आहेत.

मनोरा आणि टोकदार छपरं असलेली लाल विटांची, देवळासारखी दिसणारी इमारत एलला चिकटून उभी असेल तर ते जेफरसन मार्केट कोर्टहाउस. मार्ग अर्थातच सिक्स्थ अव्हेन्यूचा. १८७७ची ही इमारत आता वाचनालय आहे. रस्ते फाकून मध्ये एकटीच उभी असलेली भक्कम तपकिरी दगडी इमारत दिसली तर कूपर युनियन, म्हणजे थर्ड अव्हेन्यू. सिक्स्थवरचा हेरल्ड स्क्वेअर तर तारखांची खाणच आहे. मेसीजचं मोठं दुकान तिथे १९०२मध्ये आलं, आणि समोरची हेरल्ड वर्तमानपत्राची बुटकी, कमानींची इमारत १९२१मध्ये पाडली. दोन्ही एकत्र दिसली तर फोटो या एकोणीस वर्षांतला. मागे एम्पायर स्टेट डोकावत असेल तर १९३० ते १९३९. उत्तरेला पन्नासाव्या रस्त्यावर रेडिओ सिटी म्युझिक हॉलची पाटी एलच्या मागे दिसत असेल, तर कुंपण आणखी आवळतं. ते थिएटर १९३२च्या डिसेंबरअखेर उघडलं, म्हणजे जेमतेम सहा-सात वर्षं उरतात. क्रायस्लर बिल्डिंगचं टोक १९२९च्या अखेरीनंतरचं. थर्ड अव्हेन्यूवरून ते छान दिसायचं.

काही जागा रुळांच्या वळणावरूनच ओळखू येतात. इमारतींच्या दाटीत इंग्रजी ‘एस’सारखं वळण आणि जवळ बंदर, हे बेटाच्या दक्षिण टोकाचं कोएंटीज स्लिप. दोन मार्ग एकमेकांत गुंतलेले आणि रुळांचं जाळंच झालेलं, ते बहुधा चॅटम स्क्वेअर. सेकंड आणि थर्डचे मार्ग तिथे भेटत. सगळ्यात नाट्यमय जागा एकशे दहाव्या रस्त्यावरची. नाइन्थ अव्हेन्यूचा मार्ग तिथे साधारण साठ फूट उंचीवरून दोनदा वळायचा, आणि खांब इतके उंच की खालची माणसं बाहुल्यांएवढी दिसतात. मागे अर्धवट बांधलेलं प्रचंड चर्च असेल तर शंकाच नको. कोलंबिया विद्यापीठ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथे शिकलेल्या कुणाच्या संग्रहात हे वळण आलं तर नवल नाही.

बाउरी या रस्त्याची एक खूण आम्हाला फार आवडते. आधी तिथे थर्ड अव्हेन्यूची एल दोन अलग सांगाड्यांवर होती, दोन्ही फुटपाथांच्या कडेने एकेक, आणि मधला रस्ता आकाशाला उघडा. १९१५च्या आसपास ती नव्याने बांधून मधोमध आणली. बाउरीच्या फोटोत मध्ये आकाश दिसतं की लोखंड, एवढ्यावर दशक ठरतं.

हाय लाइन मात्र यात धरू नका. न्यूयॉर्कला फिरायला गेलेले लोक तिथले फोटो घेऊन येतात आणि ‘हीच का ती?’ विचारतात. ती मालगाड्यांची उन्नत लाइन, १९३४ची, आणि ती सगळी पाडली नाही. उरलेल्या भागावर आता बाग आहे.

उलटा छापलेला फोटो

निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढली की डावं-उजवं बदलतं. दुकानाच्या पाट्या वाचता येतात का, आधी ते पाहावं. पाट्या नसतील तर गाड्या बघा: न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरची वाहनं उजवीकडून जातात आणि एलही उजवीकडून धावायची. सगळंच डावीकडून चाललेलं दिसलं तर प्रिंट उलटी आहे, किंवा शहर इंग्लंडमधलं.

छापील कार्डं

रंगीत पोस्टकार्डावरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. छापखान्यात आभाळ रंगवलं जायचं, तारा पुसल्या जायच्या, दिवसाच्या फोटोवर चंद्र काढून रात्र केली जायची. आम्ही कार्डाची पाठ आधी बघतो. अमेरिकेत १ मार्च १९०७पासून पत्त्याच्या बाजूवर मजकूर लिहायला परवानगी मिळाली आणि पाठीवर मधोमध रेघ आली. रेघ नसलेलं कार्ड त्याआधीचं. पोस्टाचा शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. तीच छबी दुकानदार वर्षानुवर्षं विकत.

जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन सारखी चित्रं असतील तर ते स्टिरिओ कार्ड, खास भिंगांतून पाहिलं की दोन्ही मिळून एकच उठावदार चित्र दिसतं. कृपया दोन चित्रं कापून वेगळी करू नका.

खात्री कशी करतो

न्यूयॉर्क महापालिकेने १९३९ ते १९४१दरम्यान कर आकारणीसाठी शहरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. असे सात लाखांहून जास्त फोटो पालिकेच्या अभिलेखागारात आहेत आणि संगणकावर घरबसल्या पाहता येतात. बहुतेक फोटोंत ब्लॉक (रस्त्यांमधला चौकोन) आणि लॉट (त्यातला भूखंड) यांच्या क्रमांकाची पाटी असते, म्हणजे पत्ता आपोआप मिळतो. तुमच्या फोटोतली छपराची नक्षी, खिडक्यांची संख्या, जिन्याची जागा आम्ही त्याच्याशी ताडतो. सिक्स्थ अव्हेन्यूची एल तोवर गेली होती, पण इमारती होत्या. त्याआधीच्या काळासाठी आगीच्या विम्याचे जुने नकाशे कामाला येतात. त्यांत घर विटांचं की लाकडी आणि किती मजल्यांचं, इतकं बारीक दिलेलं असतं.

तुम्ही काय आणायचं

शक्यतो मूळ प्रिंट आणा. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या फोटोत पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. फोटो आल्बममध्ये चिकटलेला असेल तर ओढू नका, आल्बमच घेऊन या. ओल्या फडक्याने पुसू नका. पाठीवर नव्याने पेनने काही लिहू नका. निगेटिव्ह असेल तर ती नक्की आणा, तिच्या कडेला कधीकधी फिल्मचं नाव असतं.

घरातली माहिती वेगळ्या कागदावर लिहून द्या: कोण गेलं होतं, कोणत्या साली, कुठे राहत होतं, कोणत्या बोटीने गेलं. पाठीवरचा मजकूर आम्ही नोंदवून ठेवतो, पण निर्णय त्यावरून घेत नाही. तो पुष्कळदा पुढच्या पिढीने आठवून लिहिलेला असतो.

अहवालात काय मिळेल

प्रत्येक फोटोपुढे आम्ही तीनपैकी एक शेरा लिहितो. ‘निश्चित’ म्हणजे दोन स्वतंत्र खुणा जुळल्या, उदाहरणार्थ इमारत आणि पाटी. ‘बहुधा’ म्हणजे एकच खूण. ‘ठरवता आलं नाही’ हा शेराही आम्ही देतो आणि त्याचे पैसे घेत नाही, फक्त स्कॅनिंगचे घेतो. साल नेमकं देता आलं नाही तर ‘अमुक ते अमुक’ असं देतो. घरच्यांना आवडावं म्हणून एकच साल ठोकून देणं आम्हाला पटत नाही.

फोटोतली माणसं कोण, हे आम्ही ओळखत नाही. फोटोची बाजारातली किंमतही ठरवून देत नाही. एलचे फोटो तिकडे हजारोंनी काढले गेले आणि छापील कार्डं तर त्याहून जास्त, तेव्हा मोठ्या रकमेची आशा धरून येऊ नका.

मूळ फोटो काम संपल्यावर आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून परत मिळतात. अहवालाची एक प्रत त्याच पाकिटात ठेवा, फोटोला चिकटवू नका. फोटो घेऊन जाताना स्कॅनची फाइल दुकानातच उघडून बघा. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे पुन्हा करून देतो.