गुटमान, बेला

गुटमान, बेला : (१८९९–२८ ऑगस्ट १९८१). हंगेरियन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात. जन्मतारीख काही साधने २७ जानेवारी, तर काही १३ मार्च अशी देतात. बुडापेस्टच्या एमटीके संघातून दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविल्यावर, बहुधा हंगेरीतील वाढत्या ज्यूद्वेषामुळे, ते १९२२ च्या सुमारास व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबात गेले. १९२५ मध्ये हा क्लब ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. १९२६ च्या अमेरिका दौऱ्यानंतर ते न्यूयॉर्कमध्ये राहून तेथील संघांतून मध्यरक्षक म्हणून खेळले व १९३० नंतर युरोपात प्रशिक्षणाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धातील त्यांच्या वास्तव्याविषयी पूर्वी परस्परविरोधी कथा प्रचलित होत्या. अलीकडील चरित्रसंशोधनानुसार ते काही काळ माळ्यावर लपून होते आणि पुढे सक्तमजुरीच्या छावणीतून निसटले.

ब्राझीलमध्ये ४-२-४ रचना (चार बचावपटू, दोन मध्यफळीतील खेळाडू व चार आघाडीपटू) गुटमान यांनीच रुजविली, असे अनेकदा लिहिले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली साओ पाउलो क्लब १९५७ मध्ये राज्यविजेता झाला आणि त्याच क्लबाशी संबंधित असलेले व्हिसेंते फेओला यांच्या ब्राझील संघाने १९५८ चा विश्वचषक याच रचनेने जिंकला, हा या मताचा मुख्य आधार होय. तथापि चार बचावपटूंच्या दिशेने ब्राझीलमधील वाटचाल त्याआधीच सुरू झाली होती : हंगेरियन प्रशिक्षक डोरी क्युर्श्नर १९३७ मध्ये फ्लामेंगो क्लबात आले होते, त्यांच्यानंतर फ्लाव्हियो कोस्ता यांनी मध्यफळीतील खेळाडूंना तिरक्या रेषेत ठेवणारी मांडणी योजली आणि १९५० नंतर फ्लेइतास सोलिच यांचेही नाव या संदर्भात घेतले जाते. बुडापेस्टमध्ये मार्टोन बुकोव्ही यांनी मध्य आघाडीपटूला मागे खेचून जवळपास तोच परिणाम साधला होता. हा क्रम पाहता गुटमान यांना रचनेचे जनक न म्हणता प्रभावी प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

मिलान क्लबाने १९५५ मध्ये संघ अग्रस्थानी असतानाच त्यांना दूर केले. पोर्तो (१९५९) व बेनफिका (१९६०, १९६१) या क्लबांना त्यांनी पोर्तुगालची विजेतेपदे मिळवून दिली. बेनफिकाने युरोपियन चषकाच्या (युरोपातील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात १९६१ मध्ये बार्सिलोनावर ३-२ आणि १९६२ मध्ये रेआल माद्रिदवर ५-३ अशी मात केली. दुसऱ्या सामन्यात मोझांबिकमधून आलेल्या तरुण युसेबियोने दोन गोल केले. त्यानंतर मोबदल्यावरून मतभेद होऊन गुटमान यांनी क्लब सोडला. जाताना त्यांनी क्लब पुन्हा युरोपियन विजेता होणार नाही असा शाप दिल्याची आख्यायिका बेनफिकाच्या पुढील अंतिम सामन्यांतील पराभवांमुळे बळावली, परंतु १९६५ मध्ये ते स्वतःच त्या क्लबाचे प्रशिक्षक म्हणून परतले होते, ही गोष्ट तिच्याशी विसंगत आहे.