इओसिनोफिल उतरले, दमा उतरला नाही

मिरजेत छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "ते दम्याचं भारी इंजेक्शन आमच्या आईला चालेल का?" विचारणारा कधी हळदीच्या गोदामात राबणारा असतो, कधी पुरानंतर ओल धरलेल्या घरात राहणारा. या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९२१ साली जर्मनीत क्युस्टनर या डॉक्टरांना मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी प्रौस्निट्झ यांनी त्यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. गांध उठली! अॅलर्जी रक्तातून दुसऱ्याच्या अंगात उतरते हे कळलं, पण ते द्रव्य कोणतं हे कळायला १९६०चं दशक संपत आलं. अमेरिकेत इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिच यांना ते वेगवेगळं सापडलं. १९६८मध्ये त्याचं नाव ठरलं आयजीई.

हे आयजीई रक्तातच पकडून ठेवणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) म्हणजे ओमालिझुमॅब, त्या भारी इंजेक्शनांपैकी एक. अशा औषधाची पारख करायची एक जुनी रीत आहे. सौम्य दमा असलेल्या स्वयंसेवकाला ज्याची अॅलर्जी आहे तेच, धूळकिडा किंवा परागकण, मोजून-मापून श्वासातून देतात आणि पहिल्या सेकंदात तो किती हवा बाहेर फुंकतो ते पाहतात. छाती दोनदा आवळते: एकदा तासाभराच्या आत, पुन्हा काही तासांनी. दुसऱ्या वेळी मुख्य दोष श्वासनलिकांच्या सुजेचा असतो. १९९७ साली या परीक्षेत आयजीईविरोधी प्रतिपिंडाने दोन्ही वेळचा त्रास कमी केला. २००३मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅबला परवानगी मिळाली.

पुढच्या औषधाचं मात्र अवघड झालं, आणि मला सगळ्यात शिकण्यासारखी तीच गोष्ट वाटते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी सूज वाढवतात, म्हणून त्यांना पोसणाऱ्या आयएल-५ या शरीरातल्या प्रथिनावर मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन बनवलं. २००० साली २४ जणांवर हीच श्वासाची परीक्षा घेतली. रक्तातले, बेडक्यातले इओसिनोफिल धडाधड उतरले. छाती मात्र पूर्वीइतकीच आवळली. २००७मध्ये ३६२ रुग्णांवरही निराशाच पदरी पडली. अनेकांनी औषधावर काट मारली होती.

चूक औषधाची नव्हती, माणसं निवडण्यातली होती. २००९मध्ये इंग्लंड आणि कॅनडातल्या दोन लहान गटांनी फक्त असे रुग्ण घेतले, ज्यांच्या बेडक्यात स्टेरॉइड चालू असूनही इओसिनोफिल भरपूर होते. शिवाय फुंकरीच्या आकड्यापेक्षा दम्याचे झटके मोजले. इंग्लंडच्या चाचणीत प्लासिबोवाल्यांना (ज्यांना औषध नसलेलं नकली इंजेक्शन दिलं) वर्षात सरासरी ३.४ झटके आले, औषधवाल्यांना २. २०१५मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

म्हणून इंजेक्शन लिहिण्याआधी डॉक्टर इओसिनोफिल आणि आयजीईची रक्ततपासणी सांगतात. ओमालिझुमॅबचा डोस तर वजन आणि आयजीई पाहूनच ठरतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: पोटात जंत असले तरी हे दोन्ही आकडे वाढतात. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, आणि तोवर रोजचा पंप बंद करू नये.