मनगटी आरोग्यमापकांची अचूकता

स्मार्टवॉच, फिटनेस बँड यांसारख्या उपकरणांनी दाखवलेला आकडा शरीराच्या प्रत्यक्ष स्थितीशी किती जुळतो, याला त्यांची अचूकता म्हणतात. एकच घड्याळ एका बाबतीत भरवशाचे, तर दुसऱ्या बाबतीत अगदी ढोबळ ठरते, कारण काही गोष्टी ते मोजते आणि काहींचा नुसता अंदाज बांधते. पडद्यावर मात्र दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे उमटतात.

घड्याळ उलटे करून पाहिल्यास काचेखाली हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटाच्या त्वचेत रक्त क्षणभर वाढते आणि परतणारा प्रकाश तेवढा घटतो. या चढउतारावरून नाडी काढली जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी अशा रीतीने बरीच अचूक मिळते. पण पट्टा सैल असेल किंवा त्वचेवर गडद गोंदण असेल तर ती चुकते, आणि धावताना तर कधीकधी पावलांची लयच नाडी म्हणून मोजली जाते. पावले मनगटाच्या हालचालीवरून मोजली जात असल्याने बाबागाडी ढकलत केलेली फेरी बरीचशी हिशेबाबाहेर राहते. झोपेच्या बाबतीत, डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राहिलेला वेळही झोपेत धरला जातो.

उष्मांकांचा आकडा सर्वांत कच्चा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2017 मधील अभ्यासात 60 व्यक्तींवर 7 उपकरणे तपासली असता 6 उपकरणांची नाडीतील चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. खर्च झालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. त्यावरून जेवणाचे माप ठरवणे योग्य नव्हे.

घड्याळाने दिलेल्या अनियमित ठोक्यांच्या सूचनेचा अर्थ अधिक जपून लावावा लागतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत 4,19,297 जण सहभागी होते आणि त्यांपैकी 0.52 टक्के लोकांना अशी सूचना मिळाली. त्यांतील ज्या 450 जणांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमितपणे थरथरण्याचा विकार, आढळले. उरलेल्यांच्या सूचना खोट्याच होत्या असे यावरून ठरत नाही, कारण हा विकार येऊन-जाऊन असतो आणि पट्टी लावली त्या दिवसांत तो दिसेलच असे नाही. सूचना आल्यास डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. सूचना न येणे हा मात्र हृदय निरोगी असल्याचा दाखला नव्हे, आणि छातीत दुखत असताना घड्याळ काय म्हणते याची वाट पाहत बसू नये.

रक्तशर्करेबाबत धोका सर्वांत मोठा आहे. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. अशा आकड्यावर विसंबून मधुमेही रुग्णाने इन्सुलिन घेतल्यास साखर जिवावर बेतण्याइतकी उतरू शकते. दंडावर चिकटवून त्वचेखाली बारीक तंतू ठेवणारे संवेदक याहून वेगळे. त्यांचा आकडा घड्याळात दिसला, तरी तो घड्याळाने मोजलेला नसतो.