दोनशे माणसांचं इंजिन

७ ऑक्टोबर १५७१. ग्रीसजवळच्या पात्रासच्या आखातात सकाळी वारा पूर्वेचा, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या आरमाराच्या पाठीशी होता. पुढे तो पडला आणि पश्चिमेकडून वाहू लागला. इथे झालेल्या लेपांतोच्या लढाईतल्या ख्रिस्ती आरमाराच्या विजयाचं बरंच श्रेय या वाऱ्याला मिळतं. मला वल्ह्यांचा हिशोब जास्त रंजक वाटतो.

एकीकडे उस्मानी सेनापती अली पाशा, दुसरीकडे स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्या युतीचा चोवीस वर्षांचा सेनापती डॉन हुआन. दोघांकडे दोनशेहून अधिक ‘गॅली’ होत्या. गॅली म्हणजे सुमारे ४० मीटर लांब आणि जेमतेम ५ मीटर रुंद जहाज. लढताना शिडं गुंडाळलेली, सगळी मदार वल्ह्यांवर. धडधाकट माणूस बराच वेळ १०० वॉटच्या आसपास ताकद देऊ शकतो. दोनशे वल्हेकरी म्हणजे २० किलोवॉट, साधारण २७ अश्वशक्ती. छोट्या मोटारीचं इंजिनही याहून दमदार असतं! त्यात पाण्याचा विरोध असा, की वेग दुप्पट करायला जवळपास आठपट शक्ती लागते. त्यामुळे जोराची धाव काही मिनिटांचीच. मग दम संपतो. पिण्याचं पाणी माणशी रोज दोन लिटर धरलं, तरी वल्हेकरी, खलाशी आणि सैनिक मिळून चारशे जणांना ८०० लिटर. ते ठेवायला जागा कुठली? म्हणून किनारा फार दिवस सोडता येत नसे.

दोन्ही कडा वल्ह्यांनी अडवलेल्या, त्यामुळे मोठ्या तोफा फक्त नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला. मग सगळी जहाजं खांद्याला खांदा लावून समोरासमोर भिडायची. नाळेवरचा पुढे आलेला लांब सुळका तोफा खाली रोखू देत नव्हता. डॉन हुआनने तो कापूनच टाकायला लावला.

व्हेनिसने सहा ‘गॅलियास’ आणली होती: मोठ्या व्यापारी जहाजांना बाजूंनीही तोफा बसवून तयार केलेली. इतकी जड, की इतर गॅलींनी ती ओढत रांगेच्या पुढे नेली. दोन वेळेत जागेवर पोचलीच नाहीत. उरलेल्या चारांच्या माऱ्याने उस्मानी रांग भिडण्याआधीच विस्कटली.

संध्याकाळपर्यंत उस्मानी जहाजांच्या बाकांवरून सुमारे १२,००० ख्रिस्ती गुलाम सुटले. विजेत्यांनी हजारो कैदी आपसांत वाटून घेतले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या वल्ह्यांना जुंपलं.